अनुदानित मिशन हायस्कूल : उतरता पट, वेतनेतर खर्च आणि शाळेचं ‘मिशन’पण

खडूफळा

तालुक्याच्या गावचं मराठी माध्यमाचं हायस्कूल, ५वी ते १०वी, शंभर टक्के अनुदानित, ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जा असलेलं. नगर (आता अहिल्यानगर), जालना, मिरज, कोल्हापूर या भागांत अशा शाळा आहेत. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं, तिथपासूनचा हा वारसा. दुखणं मात्र आजचं आहे. पट दरवर्षी चार-सहाने उतरतो. शिक्षकांचा पगार शासन देतं, पण कौलं, वीजबिल, संगणक, रात्रीचा वॉचमन यांना पैसा कुठून आणायचा हे कोणी सांगत नाही. विश्वस्त मंडळाच्या प्रत्येक बैठकीत एकच सूचना येते : इंग्रजी माध्यम काढा.

देणग्या कशा गोळा कराव्यात यावर भाषणं भरपूर ऐकायला मिळतात. इथे जाणकारांकडून नेमकं हवंय. आधी कशाला हात घालायचा, आणि शाळा ख्रिस्ती राहिली म्हणजे नक्की काय राहिलं?

दुसरी_घंटा

आधी पट. पैशाचं नंतर बघू, कारण अनुदानित शाळेत पैसा पटामागूनच येतो.

साधा हिशेब धरा. दर इयत्तेत ३० मुलं, सहा इयत्ता, एकूण १८०. एका जूनमध्ये पाचवीत १८ च मुलं आली, तर नुकसान १२ मुलांचं वाटतं. पण ही १८ ची तुकडी पुढची सहा वर्षं एकेक इयत्ता वर सरकत राहते. पुढच्या वर्षीही १८ आली की खड्डा २४ चा झाला. सहा वर्षं असंच चाललं की शाळा १०८ वर येते. तोवर दोन-तीन पदं गेलेली असतात, विषयशिक्षक नसतो, आणि ‘गणिताला सर नाहीत’ हे गावभर झालेलं असतं. नंतर पाचवीत १८ सुद्धा येत नाहीत.

संचमान्यतेसाठी (शासन पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यासाठी) ३० सप्टेंबरचा पट धरतात, म्हणून सगळी धावपळ ऑगस्ट-सप्टेंबरात होते. प्रत्यक्षात पट जानेवारी ते मार्चमध्ये ठरतो, कारण चौथीच्या पालकांचा निर्णय तेव्हा होतो. जूनमध्ये फ्लेक्स लावणारी शाळा फक्त उरलेली मुलं गोळा करते.

दुसरी_घंटा

(आधीचा प्रतिसाद अपुरा राहिला.)

पट उतरायचं एक कारण बऱ्याच संस्थांच्या लक्षातच येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर पाचवी प्राथमिकमध्ये आणि आठवी उच्च प्राथमिकमध्ये धरली जाते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळांना पाचवीचा आणि सातवीपर्यंतच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडला जातो. हायस्कूलला मुलं याच दोन दारांनी येत होती. म्हणून आधी परिसरातल्या शाळांची यादी करा : शाळा, अंतर, शेवटचा वर्ग कोणता, त्या वर्गात मुलं किती, मागच्या वर्षी त्यातली आपल्याकडे किती आली. एक साधी वही पुरते. ज्या शाळेला पाचवी जोडली गेली तिथे आता सहावीसाठी जायचं, चौथीसाठी नाही. हे न पाहता शिक्षक दरवर्षी त्याच चार गावांत फिरतात आणि हात हलवत परत येतात.

दुसरं, एसटी. दुर्गम वाडीतल्या मुलींचा प्रवेश बसच्या वेळेवर अडतो. ग्रामीण भागातल्या ५वी ते १२वीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच शाळा सुटल्यावर वीस मिनिटांनी निघत नसेल तर पासाचा उपयोग काय? गावनिहाय मुलींची यादी, शाळेची वेळ आणि मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन मे महिन्यात आगारप्रमुखांना भेटायचं. गाडीची वेळ बदलत नसेल तर शाळेची वेळ पंधरा मिनिटं सरकवा. यावर खर्च शून्य आहे.

ताळेबंद

दुसरी_घंटा यांच्याशी सहमत, फक्त एक भर. पटावर असलेलं मूल आणि मोजलं गेलेलं मूल यात फरक आहे. संचमान्यतेत आधार वैध नसलेली मुलं धरली जात नाहीत. वर्गात ३१ बसलेली असतात आणि पोर्टलवर २७ दिसतात. त्या चार मुलांमुळे एक पद जाऊ शकतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून २० च्या आतल्या पटाच्या शाळांना तर प्रत्येक मूल मोलाचं झालंय.

आधार जुळत नाही त्याची नेहमीची कारणं अशी. जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. ख्रिस्ती नावांचं स्पेलिंग तर विचारूच नका : येशुदास, यशोदास, योहान, जॉन. एकाच घरातल्या तीन भावंडांची बापाची नावं तीन तऱ्हेची सापडतात. जन्मतारीख ‘१ जून’ टाकून दिलेली. आणि पाचव्या व पंधराव्या वर्षीचं सक्तीचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहिलेलं. पंधरावं म्हणजे ऐन नववी-दहावी. हे काम जुलैत संपवायचं. सप्टेंबरात आधार केंद्रावर रांग असते आणि दुरुस्तीला दिवस लागतात.

रजिस्टरमधली नोंद आपण खोडून बदलायची नाही. जन्मदाखला आणि पालकांचा अर्ज घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनेच दुरुस्ती होते. चूक आधारवर असेल तर आधार बदला, रजिस्टर नाही.

पिंपळपार

हे सगळं मान्य. पण पालकांना इंग्रजीच हवंय, हे डोळ्यांना दिसत असताना आपण वह्या आणि एसटी घेऊन बसलोय. त्याच आवारात स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा काढली तर फी येईल आणि मराठी विभागही जगेल. इमारत पडून आहे, मैदान आहे, मिशनचं नाव आहे.

ताळेबंद

@पिंपळपार, त्या नावावर उभी राहणारी इंग्रजी शाळा पहिली मुलं कुठून घेते? उद्या आपल्याच मराठी पाचवीत आली असती त्यांतून. शिक्षकांची, पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची), विश्वस्तांची मुलं आधी पलीकडे जातात आणि गाव ते बघतं.

आकडे उदाहरणादाखल घ्या. पहिल्या वर्षी शिशुवर्ग ते दुसरी मिळून ६० मुलं, फी वर्षाला १२,००० म्हणजे ७,२०,०००. सगळी फी कधीच येत नाही, ८५ टक्के धरा : ६,१२,०००. पाच शिक्षिका, एक मदतनीस, एक लिपिक, सरासरी महिना १०,००० म्हणजे वर्षाला ८,४०,०००. बाकं, शौचालय, सीसीटीव्ही अजून मोजलेच नाहीत. ही तूट तीन-चार वर्षं कोण भरणार? बहुतेक ठिकाणी मराठी विभागासाठी आलेली देणगीच भरते.

पुढचे अडथळे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेची मान्यता २०१२ च्या कायद्याखाली घ्यावी लागते, अनुदानित शाळेची मान्यता तिला चालत नाही. दोन्हींची वर्गखोली, यूडायस क्रमांक (शाळेचा शासकीय ओळख क्रमांक), हिशेब, कर्मचारी वेगळे. अनुदानित शिक्षकाला दुपारनंतर ‘जरा पलीकडे दोन तास घ्या’ सांगणं म्हणजे चौकशीला निमंत्रण. फी मनात येईल तशी वाढवता येत नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रस्ताव सत्र सुरू व्हायच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. शिक्षण हक्क कायद्यातले २५ टक्के मोफत प्रवेश अल्पसंख्याक शाळेला लागू नाहीत, त्यामुळे शासनाचा शुल्क परतावाही नाही.

पिंपळपार

म्हणजे हात बांधून बसायचं?

दुसरी_घंटा

नाही. सेमी इंग्रजी करा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. नवी शाळा, नवा ट्रस्ट, नवी फी काहीच लागत नाही. पण आठवीत एकदम सुरू केलं तर मुलं आपटतात. पाचवीपासून गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत शिकवायच्या, सहावीत विज्ञान, आठवीत पूर्ण पुस्तक. आणि शिकवणारा शिक्षक त्या भाषेत फळ्यावर उभा राहू शकतो का, हे आधी बघायचं. ‘सेमी’ची पाटी लावून शिकवणं मराठीतूनच चालू ठेवलं की पहिल्या घटक चाचणीत पालकांना कळतं.

दुसरं हुकमाचं पान एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट). मुख्य म्हणजे मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळेतलं मूल या परीक्षेला पात्रच नाही. ही एक ओळ चौथीच्या आणि सातवीच्या पालकांना कोणी सांगतच नाही!

तयारी सातवीच्या दिवाळीनंतर सुरू करायची. बौद्धिक क्षमता ९० गुण, शालेय क्षमता ९० गुण. क्षमता चाचणीचे प्रकार ठरलेले असतात : संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा. आठवड्याला दोन जादा तास, महिन्याला एक सराव पेपर. गुणवत्ता यादीत चार मुलं आली तर ती नावं गावच्या चावडीवर लावा. त्यापुढे कुठलाही फ्लेक्स फिका.

हरकतनोंद

जमिनीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मिशनच्या शाळांकडे पैसा नसतो पण जागा असते, आणि घोटाळे तिथेच होतात.

पहिला प्रश्न : जागा कोणाच्या नावावर आहे? शाळा चालवणारी संस्था एक, मालमत्ता धारण करणारा ट्रस्ट दुसरा, सातबारावर किंवा मालमत्तापत्रकावर तिसऱ्याच जुन्या मिशनचं नाव, असं सर्रास असतं. दुसरा प्रश्न : ती सरकारने शाळेसाठी दिलेली जागा आहे का? तशी असेल तर रस्त्याकडेला गाळे काढून भाड्याने देणं हा शर्तभंग ठरू शकतो, आणि जागा सरकारजमा व्हायची पाळी येते. आधी मंजुरीचा मूळ आदेश काढून वाचा.

खासगी मालकीची असली तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ३६ आहे. विक्री, अदलाबदल, बक्षीस, आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त (शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त) मुदतीने भाडेपट्ट्यावर देणं, याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवायचा व्यवहार टिकत नाही, बिल्डरने आगाऊ दिलेली रक्कम मात्र खर्च झालेली असते.

सुरक्षित मार्ग छोटे आहेत. सभागृह रविवारी आणि सुट्टीत दिवसाच्या भाड्याने, परीक्षा केंद्र, मैदान सकाळी क्रीडा प्रशिक्षणाला. करार लेखी, पैसे बँकेतून, पावती संस्थेच्या नावाची. शाळेच्या वेळेत आवारात बाहेरचा माणूस नको. २०२४ नंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) यांची तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी.

हरकतनोंद

आणि बदल अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. तो देत नाहीत किंवा दोन गट दोन अर्ज देतात. मग परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत) वारलेल्या विश्वस्तांची नावं राहतात, बँक सही मान्य करत नाही, नव्या शिक्षकाच्या मान्यतेचा प्रस्ताव ‘अधिकृत व्यवस्थापन कोण?’ या शेऱ्यासह परत येतो. मिशन शाळा बंद पडण्यात पटाइतकाच या भांडणांचा वाटा आहे, हे कटू असलं तरी लिहायलाच हवं.

खडूफळा

@हरकतनोंद, भरतीचं काय? अल्पसंख्याक म्हणून नेमकी मोकळीक किती?

हरकतनोंद

घटनेच्या कलम ३० मुळे (अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क) निवड संस्था करते. घटनेच्या कलम १५(५) मधलं प्रवेशातलं आरक्षणही अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही. खासगी शाळा कर्मचारी अधिनियम १९७७ चं कलम ३(२) बघा : अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि व्यवस्थापनाने संचालकांना नावं कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तिघांची भरती त्या कायद्याच्या बाहेर ठेवता येते. शाळेचं ख्रिस्तीपण जपणारी माणसं निवडायला दिलेली ही जागा आहे. ती सेवाज्येष्ठाला डावलून भाच्याला मुख्याध्यापक करायला वापरली जाते, मग शाळा न्यायाधिकरणात तारखा पडत राहतात.

मोकळीक निवडीची आहे, पात्रतेची नाही. पद संचमान्यतेत असणं, जाहिरात, पात्रता, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी (शासनाच्या पगार प्रणालीतला क्रमांक), सगळं लागतंच. यातली एक कडी तुटली तर शिक्षक दोन-दोन वर्षं बिनपगारी शिकवतो. टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षा, तिची सक्ती शिक्षण हक्क कायद्यातून येते) : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरलं होतं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असं म्हटलं. शहाण्या संस्थेने नवीन माणूस टीईटी झालेलाच घ्यावा.

ताळेबंद

आता पैसा. अनुदानित मराठी शाळेत मुलांकडून शिकवणी फी घेता येत नाही. वेतनेतर अनुदान तुटपुंजं असतं आणि वेळेवर येईल याची खात्री नाही, म्हणून अंदाजपत्रकात ते शून्य धरा. आलं तर दुरुस्तीला वापरा.

खर्चाचे तीन कप्पे करा. पहिला, दरवर्षी हमखास लागणारा : वीज, पाणी, सफाई, वॉचमन, इंटरनेट, लेखापरीक्षण. दुसरा, अधूनमधून येणारा : छप्पर, रंग, बाकं. तिसरा, संस्थेने स्वतः पगार दिलेले शिक्षक. पहिला कप्पा देणगीवर कधीही ठेवायचा नाही. तो ठेवींच्या व्याजातून आणि सभागृहाच्या भाड्यातून भागला पाहिजे. दहा लाखांची ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला ७०,००० देते. रक्कम लहान वाटते, पण वीजबिलाची चिंता मिटते. देणगी ‘मूलधनासाठी’ (खर्चाला नाही, ठेवीत ठेवायला) आहे असं देणगीदाराच्या सहीचं पत्र प्रत्येक वेळी घ्या. ते नसलं तर लेखापरीक्षक ती चालू उत्पन्नात टाकतो.

तिसऱ्या कप्प्यात एक सापळा आहे. संस्थेने नेमलेली संगणक शिक्षिका महिना १२,००० वर दहा वर्षं राहिली तर ग्रॅच्युइटी होते १२,००० × १५ ÷ २६ × १० = ६९,२३१ रुपये. शिक्षकांना ती द्यावी लागते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पक्कं केलंय. दर महिन्याला पगाराच्या ४.८१ टक्के वेगळे ठेवले की निवृत्तीच्या दिवशी कोणाचं तोंड चुकवावं लागत नाही.

वसईकर_पोर्तुगीज_पाव

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांकडून पैसे आले तर? आमच्याकडच्यांची अर्धी पिढी आखातात आणि कॅनडात आहे.

ताळेबंद

पासपोर्ट बघायचा, पत्ता नाही. आखातात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माजी विद्यार्थी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परकीय देणगी नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलेला, पुण्यात बसून रुपयात दिले तरी परकीय स्रोत. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी, दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलंच खातं, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक विवरण. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे धर्मप्रांताच्या एफसीआरए खात्यात आलेले पैसे शाळेच्या ट्रस्टकडे ‘वळते’ करता येत नाहीत, ट्रस्ट वेगळा असेल तर. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. पाठवणाऱ्याच्या आईच्या खात्यातून फिरवून घ्यायच्या सूचना इथे नकोत.

देशातल्या देणगीला ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत) असेल तर पावतीवर पॅन घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख रकमेला सवलत मिळत नाही. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) हवा असेल तर सीएसआर-१ नोंदणी आधी करून ठेवा. कंपनी ‘शाळेला मदत’ देत नाही, ‘दोन शौचालयं, सहा नळ, अमुक खर्च, अमुक मुली’ याला देते.

पाळकबाग

मिशनपणाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून थोडक्यात.

घटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला स्वतःच्या, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय बसवता येत नाही. म्हणून प्रवेश अर्जासोबतच वेगळं संमतीपत्र घ्या, मराठीत, ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही चौकटी असलेलं. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांसाठी त्या वेळेत ग्रंथालय उघडं ठेवा, शिक्षा वाटेल असं कोपऱ्यात बसवू नका. बायबलचा तास वेळापत्रकातल्या तासिकांच्या बाहेर ठेवा, आणि तो घेणाऱ्याचं मानधन मंडळीने (चर्चने) द्यावं, शाळेच्या खात्यातून नको. हे लेखी असलं की बाहेरच्या आरोपांना उत्तर फाइलमध्येच सापडतं.

अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांना १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे त्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती मिळत नाही. महाराष्ट्रात ती मुलं इतर मागासवर्गात येतात. दाखला काढायला कुटुंबाला मदत करणं, तहसीलला कोणी सोबत जाणं, हे शाळेच्या सेवेत धरा. आणि अल्पसंख्याक टक्केवारी दिसावी म्हणून रजिस्टरमध्ये कोणाचा धर्म ‘ख्रिश्चन’ लिहायचा नाही, किंवा सवलतीसाठी असलेला पुसायचाही नाही. दोन्ही प्रकार घडतात.

पिंपळपार

इंग्रजी शाळेचा हट्ट तूर्त सोडतो. पण सेमीसाठी शिक्षक तयार करायला किती वेळ धरायचा?

दुसरी_घंटा

एक पूर्ण उन्हाळी सुट्टी आणि एक सत्र. गणिताच्या शिक्षकाला पाचवी-सहावीचं इंग्रजी पुस्तक हातात द्या, रोज एक उदाहरण मोठ्याने सोडवायला लावा, ऐकायला इंग्रजीचे शिक्षक. दिवाळीपर्यंत तो अडखळत का होईना बोलतो. पाचवीला जूनपासून सुरू करायचं तर निर्णय आत्ताच्या डिसेंबरात हवा, कारण जानेवारीत चौथीच्या पालकांसमोर उभं राहून ‘सेमी आहे’ असं सांगायचंय. पाठ्यपुस्तकांची मागणी नोंदवताना माध्यमाचा रकाना तपासून भरा. तो चुकला की जूनमध्ये मराठी पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि बदलून घेण्यात पहिली घटक चाचणी निघून जाते.